सवय खिशात असते

श्रावण लागला की खानदेशातल्या कितीतरी घरांत दरवर्षी एक गोष्ट घडते आणि तिच्याकडे कुणी नीट पाहत नाही. एरवी दिवस मावळला की ज्याचे पाय आपोआप गुत्त्याकडे वळतात, असा माणूस महिनाभर पीत नाही. आदल्या अमावस्येला तो यथेच्छ पितो आणि दुसऱ्या दिवसापासून बंद. औषध नाही, उपचार नाहीत, कुणाचे व्याख्यान नाही. ‘याच्यात इच्छाशक्तीच नाही’ असे ज्याच्याबद्दल बायको, भाऊ आणि शेजारी एकमुखाने सांगतात, तोच माणूस हे करून दाखवतो. पोळा झाला की मात्र पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मला हा महिना फार महत्त्वाचा वाटतो. इच्छाशक्ती मुळातच नसती तर श्रावण पार पडला नसता. आणि श्रावणात होती, तर भाद्रपदात ती कुठे गेली? उत्तर त्या माणसाच्या मनात शोधून सापडत नाही, भोवती पाहिले की सापडते. श्रावणात घरी मटण शिजत नाही. बसणारे चौघे बसत नाहीत. ‘नको’ म्हटले तर कुणी खिजवत नाही, कारण ‘श्रावण आहे’ एवढे दोन शब्द सगळ्यांना पुरतात. संध्याकाळी भजनाला किंवा पोथीला जायचे असते, त्यामुळे रिकामा वेळही भरलेला असतो. माणूस तोच, त्याच्या भोवतीची मांडणी तेवढी बदलते. म्हणून माझे म्हणणे असे की, वाईट सवय मोडायची असेल तर मनाला दटावत बसू नये. हात, खिसा, वेळ, रस्ता आणि संगत यांना हात घालावा. आणि हे काम एकट्यावर सोडू नये.

तंबाखूचेच पाहू. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीची कापणी चालू असते. घड उतरवून खांद्यावरून गाडीपर्यंत नेणारी माणसे मध्येच सावलीला टेकतात. कुणीतरी डबी काढतो. एका बाजूचे झाकण उघडले की तंबाखू, दुसऱ्या बाजूचे उघडले की चुना. डाव्या तळहातावर चिमूट पडते, नखाने चुना लागतो, उजवा अंगठा गोल फिरू लागतो. मळून झाले की वरून दोन थापा, भुकटी उडते आणि मग तो तळहात सगळ्यांपुढे फिरतो. प्रत्येक जण आपापली चिमूट उचलून खालच्या ओठाआड बार भरतो. मळणारा एकट्यासाठी कधी मळत नाही. पुढे आलेला तळहात नाकारणे म्हणजे त्या माणसालाच नाकारल्यासारखे होते. सोडू पाहणाऱ्याची खरी परीक्षा इथे असते.

त्या चुन्याचेही काम समजून घ्यायला हवे. चुना क्षारधर्मी असतो आणि क्षारात निकोटीन मोकळे होऊन तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून झटकन रक्तात उतरते. निकोटीन भूक मारते आणि थोडा वेळ तरतरी आणते. पण याहून मोठी गोष्ट म्हणजे तंबाखू विसावा मिळवून देते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. अशा उन्हात मजूर नुसताच उभा राहिला तर मुकादम हटकतो. तंबाखू मळत उभा असलेल्याला सहसा कुणी काही बोलत नाही. तंबाखू सोड म्हणणारा त्या मजुराची हक्काची सुट्टीही काढून घेत असतो, हे आपल्या व्यसनमुक्तीच्या भाषणांना कळलेलेच नाही. शेतमालकाने दुपारी लिंबू-पाण्याची किंवा ताकाची उघड सुट्टी दिली, तर कर्करोगाच्या चित्रांचे भित्तिपत्रक लावण्यापेक्षा जास्त काम होईल असे मला ठामपणे वाटते.

२०१६-१७ सालच्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात असे दिसले. विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के, आणि खाणारे, लावणारे, चघळणारे २४.४ टक्के (काही जण दोन्ही करतात). म्हणजे आपले व्यसन धुराचे नाही, तोंडातले आहे. सिगारेट ओढणाऱ्याला निदान बाहेर जावे लागते. तंबाखूचा बार मात्र कचेरीत, लग्नात, एसटीत, अगदी कीर्तनातही तोंडात राहू शकतो. दिवसाचा एकही कोपरा तंबाखूपासून मोकळा राहत नाही, म्हणूनच सिगारेट सोडण्याचे उपाय इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

मन खंबीर करा, हा उपदेश आपण परंपरेच्या नावावर खपवतो. परंपरा खरे काय सांगते ते पाहायला धुळ्याइतकी योग्य जागा नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. सहावा अध्याय २७ मार्चला आला. मन वाऱ्यासारखे आवरत नाही, ही अर्जुनाची तक्रार याच अध्यायात आहे आणि तिला मिळालेले उत्तर आहे अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास म्हणजे तीच गोष्ट चिकाटीने पुन्हा पुन्हा करणे. पण त्या संवादाच्या आधी काय येते, हे आपण विसरतो. बसायची जागा स्वच्छ असावी, आसन फार उंच नको, फार खाली नको. खाणे, झोपणे, जागणे बेताचे असावे. मनाच्या निग्रहाची गोष्ट बैठकीपासून आणि जेवणापासून सुरू होते. मनाशी झुंज घेण्याआधी भोवतालची व्यवस्था लावा, असा याचा सरळ अर्थ मी घेतो.

याला दूरचा एक दाखलाही आहे. व्हिएतनामच्या युद्धातून १९७१ मध्ये परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी केला. तिथे असताना पाचातला जवळजवळ एक सैनिक हेरॉइनच्या आहारी गेला होता. सरकार धास्तावले होते. पण घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्या व्यसनी सैनिकांपैकी सुमारे पाच टक्केच पुन्हा त्या गर्तेत पडले. जागा सुटली, सोबती सुटले, भीती सुटली आणि बहुतेकांची सवयही सुटली. एरवी उपचार घेऊन त्याच गल्लीत, त्याच मित्रांत परतणाऱ्यांची गत किती वेगळी होते, हे व्यसनमुक्ती केंद्रात काम करणारे कुणीही सांगेल.

खानदेशात अशी जागा बदलण्याची वेळ दरवर्षी येते, ती म्हणजे आखाजी, अर्थात अक्षय्य तृतीया. शेतीचे साल आखाजीला संपते आणि सुरू होते. सालदार, म्हणजे सालाने ठेवलेला गडी, एक मालक सोडून दुसऱ्याकडे जातो. त्याचा रस्ता बदलतो, गोठा बदलतो, चहाची टपरी बदलते, सोबतीला नवी माणसे येतात. जुन्या मळ्यात तो ‘मळणारा’ म्हणून ओळखला जात असेल. नव्या मळ्यात अजून त्याची कुठलीच ओळख ठरलेली नसते. पहिल्याच दिवशी ‘मी खात नाही’ म्हटले तर तिथल्या लोकांना ते सरळ पटते, कारण त्यांनी त्याला खाताना पाहिलेले नसते. नोकरीत बदली झालेला शिक्षक, लग्न होऊन वेगळे बिऱ्हाड केलेला मुलगा, घर बदललेला दुकानदार यांच्याही हाती अशी संधी येते आणि तिचा उपयोग न करता निघून जाते. पहिल्या आठवड्यात ज्या सवयी बसतात, त्या पुढे वर्षभर सोबत राहतात.  

ज्यांची जागा बदलत नाही, त्यांनी काय करावे? आधी खिसा. डबी खिशात, पुडी कपाटात आणि चुन्याची नळी गाडीच्या डिकीत ठेवून सोडण्याचा प्रयत्न करणे म्हणजे स्वतःलाच पेचात टाकणे. तलफ आली की ती काही मिनिटे जोर करते आणि ओसरते. त्या मिनिटांत हात पुडीपर्यंत पोहोचू नये, एवढेच साधायचे असते. पुडीसाठी उठून, चपला घालून, चौकात जावे लागले तर निम्म्या वेळा माणूस उठतच नाही. त्या चौकातून जाणारा रस्ताही काही आठवडे टाळावा. दोन मिनिटे जास्त लागतील, लागू द्यावीत.

मग हात. नखे खाणे, केस ओढणे अशा सवयींसाठी अझ्रिन आणि नन या दोघांनी १९७३ मध्ये एक पद्धत मांडली: ज्या हालचालीची सवय आहे, तिच्याशी एकाच वेळी होऊच शकणार नाही अशी दुसरी हालचाल त्या क्षणी करायची. तंबाखूला हे चपखल लागू पडते. भुईमुगाच्या शेंगांनी भरलेल्या तळहातावर तंबाखू मळता येत नाही. शेंगा सोलायला हात लागतात, चघळायला तोंड लागते आणि त्या चौघांपुढेही करता येतात. पुढे आलेल्या तळहाताला नकार देण्याऐवजी आपलाच तळहात पुढे करावा. फुटाणे चालतील, बडीशेप चालेल, भाजलेला ओवा चालेल. सुपारी मात्र नको. तंबाखू सोडून सुपारीला लागलेले लोक आपण सुटलो असे समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारीला स्वतंत्रपणे, तंबाखूविनाही, कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरले आहे. तोंड उघडेनासे होण्याचा आजार मुख्यतः सुपारीनेच होतो.

वेळेचे गणित थोडे अवघड असते. ‘आजपासून खाणार नाही’ हा निश्चय हवेत राहतो. ‘जेवून हात धुतले की लवंग तोंडात टाकायची आणि अंगणात दहा फेऱ्या मारायच्या’ हा निश्चय एका प्रसंगाला बांधलेला असतो, आणि अशा बांधलेल्या निश्चयाला जास्त यश येते हे मानसशास्त्रातल्या प्रयोगांनी दाखवले आहे. सकाळची वेळ सर्वांत कठीण. ‘तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही’ हे कारण मी जितक्या तोंडांनी ऐकले आहे तितके दुसरे कुठलेच नाही. ते खोटे नाही. निकोटीन आतड्याला हालवते आणि सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होते. त्यावर उपाय आहेत: उठल्यावर कोमट पाणी, कळण्याची भाकरी, पालेभाजी, थोडे चालणे. शरीर काही आठवड्यांत आपली लय परत मिळवते. पण हे आधी कुणी सांगितलेले नसते. म्हणून माणूस तिसऱ्या दिवशी घाबरतो आणि पुडी उघडतो. चिडचिड, झोपमोड, अस्वस्थता यांचाही जोर पहिले दोन-तीन दिवसच सर्वांत जास्त असतो.

एकवीस दिवसांत सवय सुटते किंवा लागते, असे जे सर्रास सांगितले जाते ते टाकून द्यावे. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना नवी सवय लावून घ्यायला सांगून पाहिले; सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. मधला एखादा दिवस चुकला तरी घडी मोडली नाही. बाविसाव्या दिवशी तलफ आलेल्या माणसाला आपल्यातच खोट आहे असे वाटते, आणि ते वाटणेच त्याला पुन्हा खाली ओढते.

आता संगतीकडे येतो. धुळे जिल्ह्याच्या इतिहासात याची दोन मोठी उदाहरणे आहेत. तळोदे, शहादे हे तालुके १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा होईपर्यंत धुळे जिल्ह्यात होते. तळोद्याजवळच्या मोरवडच्या गुला महाराजांनी १९३७-३८ च्या सुमारास भिल्ल समाजात एक चळवळ उभी केली. दारू सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, एकमेकांना ‘आप’ म्हणा. आरतीला हजारो माणसे जमत. १९३८ मध्ये महाराज वारले आणि त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे चालवले. ज्यांना सावकार आणि जमीनदार अरे-तुरे करत, त्यांनी एकमेकांना मान द्यायला सुरुवात केली आणि त्या मानाबरोबर दारू सोडली. सोडणाऱ्याला काही गमावल्यासारखे वाटले नाही, कारण आरतीच्या रूपाने जमण्याची दुसरी जागा मिळाली होती.

दुसरे उदाहरण शहाद्याचे. आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग महाराज यांच्या कामातून आणि १९७२ च्या दुष्काळाच्या काळात उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेने जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न हाती घेतला. संघटनेच्या शिबिरांत आदिवासी बायका बोलायला लागल्या, तेव्हा त्यांनी दारू आणि मारहाण आधी मांडली. मग बायकांचे जथे गावोगाव गेले, गुत्त्यांवर धडकले, दारूची मडकी फोडली. नवऱ्याने मारले तर त्याला चारचौघांत जाब विचारला. एकट्या बाईने नवऱ्याची बाटली फोडली असती तर तिने मार खाल्ला असता. शंभर जणींनी मडकी फोडली तेव्हा गावची संध्याकाळ बदलली. पुढे २००८ मध्ये सरकारने, गावातल्या किंवा प्रभागातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद, अशी तरतूद केली. शहाद्यात बायकांनी जे हातांनी केले, तेच इथे मतपत्रिकेवर आले.

नुसत्या बंदीवर माझा विश्वास नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि पुड्यांचा कचरा कुठल्याही बसस्थानकात दिसतो. चंद्रपूरची २०१५ ची दारूबंदी २०२१ मध्ये उठली. पण बंदीने सवय आणि माणूस यांच्यातले अंतर वाढते, आणि अंतर वाढले की नव्याने लागणारे कमी होतात. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा २००३ च्या कायद्यातला नियम म्हणूनच मोलाचा आहे. तो पाळला जातो की नाही हे पाहण्याइतकी ताकद शाळा व्यवस्थापन समितीकडे नक्की आहे. चौदा वर्षांच्या मुलाच्या वाटेवर टपरीच नसेल तर त्याला इच्छाशक्तीची परीक्षा द्यावी लागणार नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सगळे भोवतालावर ढकलले तर माणसाची जबाबदारी उरली कुठे? जबाबदारी उरते, पण तिची वेळ बदलते. तलफ आलेल्या क्षणी माणूस दुबळा असतो. सकाळी, पोट भरलेले आणि डोके शांत असताना तो दुबळा नसतो. डबी फेकणे, रस्ता ठरवणे, चार जणांना आधीच सांगून ठेवणे, शेंगा खिशात भरणे, हे सगळे त्या शांत वेळी करायचे काम आहे आणि ते त्यानेच करायचे आहे. घरच्यांची जबाबदारी त्याच्याच शेजारी आहे. पोळ्यानंतर पहिल्यांदा घसरलेल्या माणसाला ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ असे म्हणणारे घर त्याला पुन्हा गुत्त्यावर पाठवते. ‘किती दिवस राहिलास ते सांग, आणि त्या दिवशी काय झालं ते सांग’ असे विचारणाऱ्या घरात पुढचा प्रयत्न लवकर सुरू होतो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, जे डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले, व्यसनी माणसाच्या पत्नीसाठी ‘सहचरी’ गट आहे, तो यासाठीच. बाहेर पडल्यावरही पाठपुरावा चालू राहतो.

एका बाबतीत मात्र स्वतःच्या किंवा घरच्यांच्या जोरावर विसंबू नये. वर्षानुवर्षे रोज, सकाळपासून पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, भ्रम, फिट येणे असे होऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात असे झाले की ‘देवाचा कोप’ म्हणून अंगारा लावला जातो. त्याला लगेच दवाखान्यात न्यावे. धुळ्याच्या आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकाराचे डॉक्टर असतात. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी फोन क्रमांक आहे, फुकट आहे, आणि तो पुडीवरच छापलेला असतो.

या सगळ्यात बायकांची तंबाखू कुणी मोजत नाही. २०१६-१७ च्या त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १७ टक्के बायका तंबाखू वापरतात असे दिसले, आणि गावात तिचे मोठे रूप मशेरी. तव्यावर तंबाखू भाजायची, चुरायची, बोटाने दातांवर घासायची. पहाटे, चूल पेटण्याआधी. तो वेळ तिच्या एकटीचा असतो, मजुराच्या सावलीसारखाच. बहुतेकींची सुरुवात दाढदुखीने झालेली असते: आईने सांगितले, लावून बघ, थांबेल. थांबते, आणि मग मशेरी राहते. तिला व्यसनमुक्तीच्या शिबिराला या म्हणून ती येणार नाही, कारण आपले व्यसन आहे असे तिला वाटतच नाही. बचत गटाच्या बैठकीला मात्र ती येते. हप्त्यांचा हिशेब झाला की तिथे दहा मिनिटे काढता येतील: कुणाची दाढ दुखते, कुणाला ग्रामीण रुग्णालयात दात दाखवायला न्यायचे, कोणत्या दिवशी, कोणाबरोबर, आणि ती परत येईपर्यंत तिची पोरे कोण सांभाळणार.